बाजेपासून माहेरघरापर्यंत



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती असतात, कविता असतात, सहलीचे वर्णन असते. यंदा चिटणीसबाईंनी, “आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहा,” असे सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्याने आला तो गोंड राजांचा परकोट, महाकालीचे देऊळ आणि राणी हिराई. परंतु राजाराण्यांचा इतिहास लिहिणारे जाणते लोक पुष्कळ आहेत, आणि माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा ज्या गोष्टीचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकींच्या गाठी आहे तीच घेतली. आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत जचकी कशी होत असे, लेकरे कशी दगावत, आणि ती वाचू लागली ती कोणाच्या हातून, एवढेच मला सांगावयाचे आहे. ऐकीव गोष्टींपेक्षा छापून आलेल्या माहितीवर भर दिला आहे. मध्ये मध्ये घरचेही काही येईल.

घरचे म्हणजे सासूबाईंचे. त्यांच्या आठ जचक्या झाल्या व पाच लेकरे वाचली. ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यातले त्यांचे गाव. गेलेल्या तिघांविषयी विचारले की त्या म्हणत, “एक पाचवीच्या आधीच गेले, एक डब्ब्याने गेले, आणि एक रडलेच नाही.” तिघांची नावे नाहीत, तारखा नाहीत. त्या काळी हे सांगताना कोणी डोळ्यांत पाणी आणत नसे, कारण आळीतल्या प्रत्येक घरी एखादे तरी असे लेकरू गेलेले असावयाचेच. पुढे मी जे जे वाचले, त्यातून मला या तीन मरणांची कारणे एक एक करून उमगत गेली, आणि ही तिन्ही मरणे टाळण्याची विद्या आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात सिद्ध झाली हेही कळले.

इतिहास म्हटला की मागे जावेच लागते. आपल्या मराठी मुलखात बाईच्या बाळंतपणाचा विचार वैद्यकीच्या दृष्टीने करावा असे ज्यांना प्रथम वाटले, त्यांत आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीला चौदाव्या वर्षी मुलगा झाला व तो दहा दिवसांत गेला. बायकांना औषधोपचार करणारी बाईच नाही, हे दुःख मनाशी धरून ती १८८३ साली अमेरिकेस गेली आणि १८८६ साली डॉक्टर होऊन परतली. तिने पदवीसाठी जो निबंध लिहिला तोही हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्रावरच. फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने तिला नेले, आणि त्या विद्येचा उपयोग करावयास तिला अवधीच मिळाला नाही. मला या चरित्रात नेहमी त्या दहा दिवसांच्या बाळाची आठवण होते. आपल्याकडे ज्यांच्यासाठी पुढे एवढे काम झाले ती बाळेही बहुतेक तेवढ्याच वयाची.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. चंद्रपूर हे नाव १९६४ सालचे. त्याआधी आपण सारे ‘चांदा’ म्हणत असू, आणि वडीलधारी मंडळी पुढेही म्हणत राहिली. गडचिरोली हा तेव्हा चांद्याचाच भाग होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा निराळा जिल्हा झाला. तोपर्यंत सिरोंचा, एटापल्ली, भामरागड या बाजूच्या माणसाला जिल्ह्याच्या गावी यावयाचे म्हणजे जंगल आणि नद्या ओलांडून यावे लागे. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती ही नावे भूगोलात शिकताना गोड वाटतात, परंतु अडलेल्या बाईला श्रावणात बाजेवर घालून नेणाऱ्या चौघांना ती गोड वाटत नसावीत. बाजेला दोन्ही बाजूंनी बांबू बांधावयाचे आणि खांदेपालट करीत चालावयाचे. चालून चालून पोचावयाचे ते एखाद्या लहानशा दवाखान्यात, आणि तेथे बायकांची डॉक्टरीण असेलच असे नाही.

म्हणून सारा भार दाईवर. दाईला नावे ठेवणे सोपे आहे, आणि शहरात आलेल्या बायका तसे पटकन करतात. मला ते पटत नाही. रात्री-अपरात्री कंदील घेऊन येणारी, बाळंतिणीचे अंग चोळणारी, मूठभर तांदूळ व एका लुगड्यावर समाधान मानणारी ती बाई नसती तर त्या जंगलात दुसरे कोण होते? मात्र काही चाली खरोखर घातक होत्या, आणि त्या दाईच्या एकटीच्या नव्हत्या, सर्वांच्याच होत्या. गर्भारपणी बाईला पोटभर खाऊ देत नसत. बाळ मोठे झाले तर अडेल, ही त्यामागची भीती, आणि दवाखाना जेथे कोसावर नाही तेथे ती भीती अगदी खोटी म्हणता येत नाही. बाळ जन्मले की वार पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहावयाचे नाही, ते तसेच उघडे जमिनीवर. मग लगेच आंघोळ. पहिला चीक ‘घाण’ म्हणून पिळून टाकावयाचा. नाळ विळ्याने कापावयाची, कुठे वर शेण किंवा राख लावावयाची.

पाचवीला आपण सटवाई पुजतो. ती त्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, असे आपल्या आज्या सांगत. आता कळते की त्याच सुमारास नाळेवाटे शिरलेला धनुर्वात किंवा रक्तात भिनलेला जंतुदोष बाळाला ग्रासावयास लागतो. सटवाईच्या लिहिण्याला दोष देण्याआधी विळा उकळून घेतला असता तरी कितीतरी कपाळे निराळी लिहिली गेली असती. आणि हे अडाणीपण काही आपलेच नव्हे. व्हिएन्ना शहरात १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने दाखवून दिले की मोठ्या इस्पितळात बाळंतिणी तापाने मरतात त्या डॉक्टरांच्याच न धुतलेल्या हातांमुळे. त्याने हात धुवावयास लावले आणि मरणे भराभर उतरली. तरी त्याच्या बरोबरीच्या विद्वानांनी पुष्कळ दिवस त्याचे ऐकले नाही. धनुर्वाताची लस गर्भार बाईला टोचण्याची पद्धत आपल्याकडे हळूहळू खेड्यापाड्यांत पोचली, आणि २०१५ साली आई व नवजात बाळाच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. असो.

या जंगलात पहिल्याने ठाण मांडून बसलेल्या डॉक्टरांत प्रकाश व मंदाकिनी आमटे हे दांपत्य. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला व हे दोघे तेथे राहावयास गेले. माडिया गोंडांची वस्ती, वीज नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात महिनोन्महिने जगाशी संबंध नाही. भाषाही शिकावी लागली. मंदाकिनीताई भूल देण्याच्या शास्त्रात शिकलेल्या, तेथे मात्र जे पुढे येईल ते सारे करणे आले. २००८ साली या पतिपत्नींना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. हेमलकशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे लांबवीत नाही. उत्तरेकडे कुरखेड्यास १९८४ पासून ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था काम करू लागली, तिचाही उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

मला जास्त सांगावयाचे आहे ते डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या कामाविषयी. राणीताई माहेरच्या चारी, म्हणजे आपल्या चंद्रपूरच्याच लेक. अभय बंग वर्ध्याच्या गांधीवादी घरातले. दोघेही नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले, आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत काम मांडले. संस्थेचे नाव ‘सर्च’. तेव्हा त्या जिल्ह्यात बायकांच्या रोगांची डॉक्टरीण म्हणजे राणीताईच. पुढे धानोऱ्याच्या रस्त्याला शोधग्राम वसले व तेथे गोंडांच्या देवीच्या नावाने माँ दंतेश्वरी दवाखाना उभा राहिला. त्याची बांधणीही गोंडांच्या गावासारखी केली, कारण मोठी पांढरी इमारत पाहिली की जंगलातली माणसे आत पाऊल टाकावयास बिचकत.

राणीताईंनी पहिले मोठे काम केले ते आपल्यासारख्या बायकांच्या न बोलण्याच्या दुखण्याचे. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटात दुखणे, हे आपण आईलादेखील सांगत नाही, मग पुरुष डॉक्टराला काय सांगणार! वसा व अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी झाली. त्यांत शंभरातील ९२ जणींना एक ना एक रोग निघाला, आणि सरासरी काढली तर एकेकीला तीनाहून अधिक. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. हे सारे १९८९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात छापून आले, आणि जगभरच्या डॉक्टरांना एकदम जाणीव झाली की आजवर खेड्यातल्या बाईची विचारपूस झाली ती ती गर्भार असेल तर, किंवा नसबंदीसाठी. मधल्या सगळ्या वर्षांत तिला शरीर आहे हेच कोणाच्या ध्यानात नव्हते. १९९४ साली कैरो येथे लोकसंख्येच्या प्रश्नावर जी जागतिक परिषद भरली, तिच्यात स्त्रीच्या एकूण आरोग्याचा जो विचार झाला, त्यामागे या दोन गावांच्या पाहणीचाही हात आहे असे जाणकार सांगतात. वसा-अमिर्झाच्या त्या बायकांनी तपासून घ्यावयाचे धैर्य केले, त्याबद्दल मला त्यांचे फार कौतुक वाटते. आपल्या मंडळात मागे एकदा तपासणी शिबिराची गोष्ट निघाली होती, तेव्हा कितीजणी हात वर करतात ते मी पाहिले आहे!

आता लेकरांकडे वळू. सासूबाईंचे एक लेकरू डब्ब्याने गेले. आपल्याकडे बाळाची छाती-पोट उडावयास लागले, धाप लागली, की ‘डब्बा झाला’ म्हणतात. कोणी पोटावर डाग देई, कोणी मांत्रिकाकडे नेई. डॉक्टरी भाषेत हाच न्यूमोनिया. त्यावर गोळी आहे, फार महाग नाही, परंतु ती वेळेवर मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी रोग वेळेवर ओळखला पाहिजे. ओळखावयाची खूण श्वास मोजणे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा अधिक झाले, आणि सोबत खोकला असला, तर न्यूमोनिया समजावा. (हे आकडे भगिनींनी स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. बाळ शांत असताना पुरा मिनिट मोजावे, आणि आकडा भरला तर दवाखान्यात जाण्यास विलंब करू नये.)

गडचिरोलीत अडचण अशी की दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे, आणि घड्याळही नसे. त्यावर सर्चमध्ये एक साधे यंत्र तयार झाले. लाकडाच्या पट्टीवर मण्यांच्या दोन ओळी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. वाळू पडू लागली की श्वास मोजावयास लागावयाचे, दहा झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. ज्या बाईच्या हातात पाटी-पेन्सिल कधी आली नाही तिला दहापर्यंत मोजता येतेच. शेणाच्या गोवऱ्या आणि धानाच्या पेंढ्या ती रोज मोजते! हे यंत्र दिसावयास लहान मुलाच्या खेळण्यासारखे. परंतु १९८८ पासून ज्या गावांत दाया व गावातील आरोग्यसेवक अशा तऱ्हेने रोग ओळखून औषध देऊ लागले, तेथे पाच वर्षांखालील दर हजार मुलांत न्यूमोनियाने मरणारी ८ वर आली, आणि शेजारच्या ज्या गावांत ही सोय नव्हती तेथे ती १७ च्या वर होती. हेही १९९० साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आले.

येथपर्यंत मोठ्या लेकरांचे झाले. पण बाळे मरतात ती पहिल्या महिन्यातच फार. आणि त्यांचे रडणे क्षीण, आजार दिसावयास अस्पष्ट. बाळंतीण खोलीबाहेर येत नाही, बाळाला बाहेर काढावयाचे नाही, म्हणजे डॉक्टराच्या दृष्टीस ते पडतच नाही. त्या काळी तेथील शंभरातील ९५ जचक्या घरीच होत. १९९५-९६ साली गावोगावच्या नवजात बाळांची पाहणी झाली, तेव्हा दिसून आले की शंभरातील ४२ बाळे अडीच किलोहूनही कमी वजनाची जन्मतात. निम्म्याहून अधिक बाळांना काही ना काही उपचाराची गरज होती, आणि उपचार मिळाला तो शंभरातील तिघांनाही नाही.

मग बाळाला दवाखान्यात नेण्याऐवजी दवाखान्यातली विद्याच घरी न्यावी असे ठरले. ३९ गावे निवडली. प्रत्येक गावातली एक बाई निवडली, गावाच्या संमतीने. शिक्षणाची अट पाचवी ते दहावी यांच्या दरम्यान. हे वाचताना मी थबकले. म्हणजे माझ्यासारखी सातवी शिकलेली बाई त्यांना चालली असती, नव्हे, तशीच हवी होती! कारण फार शिकलेली मुलगी लग्न करून शहरात निघून जाते. या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणत. ती गर्भार बाईची नोंद ठेवी, जचकीच्या वेळी दाईबरोबर हजर राही, आणि मग महिनाभरात आठ वेळा घरी जाऊन बाळाला बघे. वजन करावयाचे स्प्रिंगचा काटा व झोळी लावून. ताप बघावयाचा. बाळ थंडगार लागले तर टोपडे, झबले आणि ऊबदार कापडाची पिशवी, जिच्यात बाळ गळ्यापर्यंत घालावयाचे. आईला पहिला चीक पाजावयास लावावयाचे. सासूची समजूत घालावयाची. हे शेवटचे काम सगळ्यांत कठीण असले पाहिजे.

सासूबाईंचे जे लेकरू ‘रडलेच नाही’, त्याचाही उपाय यात होता. जन्मल्यावर जे बाळ श्वास घेत नाही, त्याला मेलेले समजून बाजूला ठेवीत. आरोग्यदूताला रबरी पिशवी व लहानसा मुखवटा दिला आणि त्याने फुप्फुसात हवा कशी भरावयाची ते शिकवले. आधी बाहुलीवर, मग खऱ्या बाळावर. निळे पडलेले बाळ गुलाबी होऊन ओरडते, हे पाहिलेल्या गावाला त्या बाईविषयी काय वाटले असेल याची कल्पना करा. काल तिच्या हातून पाणी भरून घेत होते, आज तिला मानाने पाटावर बसवीत!

तिसरे मरण जंतुदोषाचे, पाचवीच्या आगेमागेचे. त्यावर इंजेक्शन द्यावे लागते, जेंटामायसिनचे. येथे मात्र मोठा प्रश्न उभा राहिला. खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईने तान्ह्या बाळाच्या मांडीत सुई टोचावी काय? पुष्कळ तज्ज्ञांना हे धोक्याचे वाटले, आणि त्यांची शंका वाईट हेतूची नव्हती. सुई चुकीच्या जागी बसली, औषध जास्त झाले, तर जबाबदार कोण? दुसऱ्या बाजूने प्रश्न असा की शहराचा डॉक्टर त्या गावी येणार नाही, आणि बाळाला नदी ओलांडता येणार नाही, मग त्याने कोणाची वाट पाहावी? सर्चने उत्तर दिले ते वाद घालून नव्हे. लक्षणे ठरवून दिली, मात्रा ठरवून दिली, पुन्हा पुन्हा परीक्षा घेतली, दर भेटीची नोंद तपासली, आणि आईबापांच्या संमतीनेच सुई दिली. १९९६ पासून आरोग्यदूत हे उपचार करू लागल्या. पूर्वी जंतुदोष झालेल्या शंभर बाळांतील १६-१७ जात असत, ती तीनावर आली.

४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये तिन्ही वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांत पहिल्या महिन्यात ६२ जात होती, तेथे तिसऱ्या वर्षी साडेपंचवीस गेली. वर्षाच्या आत जाणारी ७५ वरून ३९ च्या आत आली. शेजारच्या ४७ गावांत, जेथे नेहमीचीच सरकारी व्यवस्था होती, तेथे अशी घट नव्हती. त्या ३९ गावांत ना मोठे इस्पितळ बांधले गेले, ना काचेची पेटी आली. गरिबी होती तशीच होती, पावसाळाही तसाच.

डॉ. अभय बंग यांनी एका बाळाच्या मृत्यूची हकीकत अनेकदा सांगितली आहे. त्या एका मरणाची त्यांनी अठरा कारणे मोजली. आईचे अर्धपोटी राहणे, तिला झालेला हिवताप, कमी दिवसांचे बाळ, नवऱ्याचे दारू पिणे, नदीला आलेला पूर, अशी ती साखळी. अठराही तोडावयास गेलो तर जन्म पुरावयाचा नाही, परंतु साखळीची एक कडी तुटली तरी बाळ वाचते, असे ते म्हणतात. मला हे पटते. मात्र त्यात एक अडचणही दिसते, ती पुढे सांगते.

या शतकाच्या आरंभी ‘कोवळी पानगळ’ नावाचा अहवाल निघाला आणि महाराष्ट्रात दरसाल किती लेकरे जातात, व त्यांतली कितीतरी सरकारी वहीत येतच नाहीत, हे उघड्यावर आले. विधानसभेत गदारोळ झाला. पुढे ‘अंकुर’ या नावाने राज्यात आणखी सात ठिकाणी दुसऱ्या संस्थांनी हीच पद्धत वापरून पाहिली, खेड्यांत आणि शहरी झोपडपट्टीतही, आणि तेथेही नवजात बाळांची मरणे निम्म्याने उतरली. बांगलादेशातही या धर्तीवर प्रयोग झाले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने व युनिसेफने बाळंतिणीच्या घरी भेटी देण्याची शिफारस केली. आपल्या सरकारने २००५ साली आशा नेमल्या होत्याच, २०११ पासून त्यांच्याकडे हे काम आले. आपल्या आळीतली आशा जचकीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते आणि बाळाला झोळीत घालून तोलते. तो काटा, ती झोळी, ते प्रश्न, सारे गडचिरोलीच्या आरोग्यदूतांपासून चालत आलेले आहे. पुष्कळ घरी तिला दारातूनच “सगळे ठीक आहे” म्हणून परत पाठवितात. पुढच्या वेळी तिला आत बोलवा व बाळ तिच्या हाती द्या. मात्र जेंटामायसिनची सुई सरकारने आशेच्या हाती दिली नाही, नर्सबाईंकडे ठेवली. गडचिरोलीचा अनुभव समोर असताना असे का, हे मला समजत नाही.

बंग दांपत्याला २००३ चा महाराष्ट्र भूषण व २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्या ३९ आरोग्यदूतांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

आता ती अडचण. बाळ झोपडीत वाचविता आले, आईचे तसे नाही. गडचिरोलीतच राणीताई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७७२ बाळंतिणींची घरोघर पाहणी केली. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरातील ५२ जणींना जचकीत वा नंतर काही ना काही आजार झाला, आणि १५ जणींना असा, की ज्याला तातडीने मोठ्या दवाखान्याचीच गरज पडावी. वाहते रक्त, अडलेले मूल, झटके. यावर पिशवी नाही, मणी नाही. रक्त चढविले पाहिजे, पोट उघडून मूल काढता आले पाहिजे, भूल देणारा पाहिजे. आणि रक्त वाहू लागले की हातात तास-दोन तासच असतात. अठरा कड्यांपैकी वाटेल ती तोडून येथे भागत नाही, रस्त्याची कडी तोडावीच लागते.

म्हणून आईसाठी निराळ्या वाटेने जावे लागले. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली व दवाखान्यात जचकीसाठी गरीब बाईच्या हाती पैसे पडू लागले. २०११ पासून सरकारी दवाखान्यात जचकी, औषधे, रक्त, जेवण व जाण्यायेण्याची गाडी विनामूल्य झाली. २०१४ साली १०८ क्रमांकाची गाडी सुरू झाली. चंद्रपुरास २०१५ साली सरकारी मेडिकल कॉलेज निघाले, त्यामुळे पूर्वी ज्या बाईला नागपूरच गाठावे लागे तिचा निदान काही रस्ता कमी झाला. राज्याचे आकडे चांगले आहेत. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात लाख बाळंतपणांमागे ३३ माता गेल्या, देशात हाच आकडा ९७ होता. परंतु राज्याच्या सरासरीत पुणे येते, मुंबई येते, आणि भामरागड त्यात दिसेनासे होते. पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता अजूनही बंद पडतो. २०२४ च्या पावसाळ्यात त्या तालुक्यात एका गर्भार बाईला जेसीबी यंत्राच्या खोऱ्यात बसवून नाला पार करविला, ते छायाचित्र आपण वर्तमानपत्रात पाहिले असेल. बाज गेली आणि खोरे आले!

यावर जो तोडगा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो तो माहेरघराचा. आदिवासी जिल्ह्यांसाठी २०१०-११ मध्ये सरकारने ही योजना काढली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात एक खोली. दिवस भरत आले की दूरच्या पाड्यावरच्या बाईने आधीच तेथे येऊन राहावयाचे, सोबत एखादे लहान मूल व घरचे माणूस आणावयाचे. पूर येवो की गाडी न येवो, ती दवाखान्याच्या दारातच असते. नावही किती चांगले दिले आहे. पहिलटकरीण माहेरी जाते हे आपल्याला समजते, तेवढेच तिलाही समजते.

पण माहेरघरात बाई यावी कशी? घरी आणखी दोन लेकरे, म्हातारी सासू, कोंबड्या. गर्भार बाई आठ-दहा दिवस घर सोडून बसली तर भाकरी कोण थापणार? आणि नदीनाले चढतात ते नेमके आषाढ-श्रावणात, म्हणजे धानाच्या रोवणीच्या दिवसांत, जेव्हा घरातले प्रत्येक माणूस चिखलात उभे असते आणि रोवणीची मजुरी वर्षातून त्याच वेळी मिळते. तिकडे नातेवाईक असलेल्या एका बाईने मला सांगितले की त्यांच्या गावची एक सून माहेरघरात दोन दिवस राहून परत गेली, कारण नवऱ्याने निरोप धाडला की बांधीत हात कमी पडतात. नवव्या महिन्यात तिने तीन दिवस रोवणी केली. नशिबाने नाल्याला पाणी कमी होते, गाडी वेळेवर आली, आणि मुलगी झाली, दोन किलो आठशेची. नाव अजून ठेवले नाही, रोवणी आटोपल्यावर बारसे आहे.